‘राव’मधला ओ

लायब्ररीवाल्या कंपनीने मला फसवलं, मी रक्तपेढीला फसवलं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून सुलभा परब हिला फसवलं. शेवटच्या फसवणुकीच्या कागदावर सही माझी आहे.

कंपनीचं नाव छापायला या दिवाळी अंकाचे संपादक तयार नाहीत. मी तासभर भांडलो. त्यांनी मला चहा दिला, नाव दिलं नाही. कंपनीतल्या कर्णिक नावाच्या इंजिनिअरचं आडनाव मात्र मी सोडवून घेतलं. या आडनावाची माणसं मुंबईत हजारो आहेत आणि त्यांतल्या एकालाच हा लेख आपल्यावर आहे हे कळेल, असं संपादकांचं म्हणणं. मला तो एकच पुरे आहे.

मी घाटकोपरच्या चाळीतला. कॉलेज पाहिलं ते बाहेरून. कॉम्प्युटरच्या कार्डांना भोकं पाडण्याच्या नोकरीपासून सुरुवात केली आणि ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचा गाळा घेतला. एका बाजूला प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या, दुसऱ्या बाजूला छत्र्यांच्या काड्या, मध्ये आम्ही, एक कॉम्प्युटर आणि एक वातानुकूलन यंत्र. यंत्राची हवा कॉम्प्युटरसाठी होती. माणसांनी तिच्यात बसायचं ते त्याच्या कृपेने.

धंदा काय, ते सांगतो. गिऱ्हाइकाला यादी ठेवायची असते, मालाची, माणसांची, सभासदांची. आम्ही त्यासाठी प्रोग्राम लिहायचो. पण सगळा प्रोग्राम कुणी स्वतः लिहीत नाही. की-बोर्डवरून अक्षरं वाचणं, ती फ्लॉपीवर ठेवणं, याद्या अकारविल्हे लावणं, ही कामं सगळ्यांना सारखीच लागतात. ती करणारे तयार तुकडे विकत मिळायचे, त्या संचाला लायब्ररी म्हणतात. पुस्तकांची नव्हे. सुताराने बिजागरी घरी बनवू नये, बाजारातून आणावी, तसं. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत माझ्यासारखे जितके गाळेवाले होते, त्यातल्या बहुतेकांनी या एकाच कंपनीची बिजागरी लावली होती. म्हणजे बिजागरी कच्ची निघाली, तर अख्ख्या उपनगराची दारं एकाच वेळी डुगडुगणार. हे तेव्हा मला सुचलं नाही. दार लावणाऱ्याला सुचत नाही.

बिजागरीतला कच्चेपणा मला मुलुंडच्या छेडाशेठनी दाखवला. त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि त्यांना स्वतःच्या पुतण्यांवर विश्वास नव्हता, म्हणून मालाच्या यादीला मी सहा अक्षरांचा परवलीचा शब्द बसवून दिला होता. महिन्याभरात ते शब्द विसरले. मी नवीन बसवायला गेलो, तर यादी उघडून निवांत बसलेले.

“शेठ, आठवला वाटतं?”

“ना रे तावडेभाई. आपण गणेश टाकला. नाय उघडला. मग विचार केला, एकदा नाव घेऊन बाप्पा कशाला ऐकेल. दोनदा टाकला. उघडला.”

मी हसलो. मग त्यांच्या खुर्चीत बसून इंग्रजीत गणेश एकदा टाईप केलं, नाही उघडलं. न थांबता दोनदा टाकलं, उघडलं. घरी जाताना डोक्यात तेच. गणेशची इंग्रजी अक्षरं सहा. शब्दासाठी जागा सहाची. मग पुढची सहा गेली कुठे?

दुसऱ्या दिवशी शोधून काढलं. लायब्ररीचा वाचणारा तुकडा येतील तेवढी अक्षरं घ्यायचा. किती जागा आहे हे तो विचारतच नव्हता. कॉम्प्युटरच्या स्मृतीत एका अक्षराला एक घर, आणि टाईप केलेल्या शब्दाच्या शेजारच्या सहा घरांत खरा शब्द ठेवलेला होता. पहिला गणेश आपल्या जागी बसला, दुसरा शेजारच्या घरात शिरून खऱ्या शब्दाच्या उरावर बसला. मग प्रोग्रामने दोन्ही ताडून पाहिले. गणेश आणि गणेश. जुळले. दार उघडलं. सहा अक्षरांचा कुठलाही शब्द दोनदा टाकला की छेडाशेठच्या पुतण्यांना आत जाता येणार होतं. बाप्पाचा यात काही हात नव्हता, पण हे मी शेठना सांगितलं नाही. दोन्ही घरांच्या मध्ये रिकामी जागा सोडून त्यांचं काम भागवलं. ते मात्र पुढे कायम दोनदाच गणेश टाकत राहिले, आणि उघडत नाही म्हणून मला बोलावत राहिले.

मी कंपनीला पत्र लिहिलं, रजिस्टर्ड. उत्तरादाखल कर्णिकांचा फोन आला. गोड माणूस. अंगावरची धूळ झटकावी तसं बोलायचा.

“तावडे, माहितीपुस्तक वाचलंत का? पान चौदा. वापरणाऱ्याने योग्य लांबीची माहिती द्यावी.”

“आणि त्याने अयोग्य दिली तर?”

“तर ती अयोग्य आहे ना.”

या उत्तरावर मी फोन आपटला. आपटायला नको होता. कारण त्यानंतर मी गप्प बसलो, आणि पुढच्या कामाला पुन्हा तीच लायब्ररी लावली. दुसरी घ्यायची तर सगळं नव्याने शिकायचं. माझा वेळ वाचला.

ते पुढचं काम म्हणजे मुलुंडमधल्या एका ट्रस्टची रक्तपेढी. रक्तदात्यांची यादी कॉम्प्युटरवर घ्यायची होती. नाव, पत्ता, जन्मतारीख, रक्तगट. ट्रस्टचे चिटणीस मराठे अतिशय सज्जन आणि अतिशय चिवट. मी उभा जन्म घासाघीस करण्यात घालवलेला आहे. कोथिंबिरीपासून गाळ्याच्या पत्र्यापर्यंत मी कशाचीही पहिली किंमत मान्य केलेली नाही. पण अक्षरांची घासाघीस मी तिथे पहिल्यांदा केली. सगळे रक्तदाते एका फ्लॉपीत मावायला हवे होते, म्हणून प्रत्येक नावाला जागा मोजून द्यावी लागत होती.

“आडनाव वेगळं, आणि नावाला वीस अक्षरं तरी हवीत,” मराठे म्हणाले.

“वीस? कुणाचं नाव आहे वीस अक्षरी? दहा देतो.”

“विश्वनाथ इंग्रजीत दहाचं झालं की हो. जरा मोकळं नको?”

“नावाला कसली मोकळीक? बारा. आता बोलू नका.”

बारावर सौदा पटला. त्या बारा घरांच्या लगेच शेजारी, तेराव्या घरात, मी रक्तगट ठेवला. ए, बी, ओ, एकेक अक्षर; एबीला एक्स. चौदाव्या घरात पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. जिंकल्याच्या आनंदात बाहेर पडलो. मुलुंड स्टेशनपर्यंत शीळ घालत गेलो हे आठवतं.

यादी भरायला ट्रस्टने नेमली ती सुलभा. कांजूरमार्गला राहायची. वडील मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यापासून घरी. घर तिच्या नोकरीवर चालायचं आणि हे ती कधी सांगायची नाही, तिच्या डब्यावरून कळायचं. टायपिंगचा हात असा की मी तिच्यामागे उभा राहून चुका शोधायचो आणि कंटाळून निघून जायचो. सगळी यादी तिने दीड महिन्यात भरली. गट सगळे बरोबर. ते मी स्वतः कार्डांशी ताडून पाहिले होते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ते ट्रस्टच्या बैठकीत विसरलो होतो.

यादी झाली तसे मराठे उत्साहात आले. रक्तदात्यांना वाढदिवसाची पत्रं छापून धाडली. आठवड्याभरात एक पत्र परत आलं. त्यावर शाईने लिहिलं होतं: ‘प्रिय विश्वनाथ’ म्हणायला मी काय तुमच्याकडे पाणी भरतो? पत्र विश्वनाथराव नाडकर्णी यांचं. वय अठ्ठावन्न, पस्तीस वेळा रक्त दिलेले. मराठ्यांची झोप उडाली. चाळिशीपुढच्या प्रत्येक पुरुष रक्तदात्याला राव लागला पाहिजे, असं फर्मान निघालं, आणि त्यासाठी वेगळा कप्पा करून द्या म्हणून त्यांनी मला बोलावलं.

वेगळा कप्पा म्हणजे सगळी फाइल मोडून पुन्हा बांधायची. मी मराठ्यांना काय काय सांगितलं ते सांगत नाही. सुलभाला मात्र जाताना सांगितलं, “कप्पाबिप्पा काही नाही. राव नावालाच चिकटव.”

“जागा पुरेल, सर?”

“राव तीन अक्षरांचा, आर, ए, ओ. त्याला कसली जागा लागते?”

ती कामाला लागली. एकेक नाव उघडायचं, राव जोडायचं, पुन्हा ठेवायचं. चार दिवसांनी तिचा गाळ्यावर फोन आला.

“सर, पत्रावर विश्वनाथरा येतंय. शेवटचा ओ पडतो. रामचंद्ररावांचाही, मधुसूदनरावांचाही.”

“पडू दे. लोक समजून घेतात.”

“पण सर, मी ओ टाईप करते. मशीन घेतं पण. मग ओ जातो कुठे?”

“कुठे जाणार? हवेत. तू राव पुरे कर ना बाई.”

माझ्या सबंध धंद्यात मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नाही. कर्णिकांनी नाही, मराठ्यांनी नाही, मी स्वतःलाही नाही. हाच प्रश्न मी छेडाशेठच्या दुकानातून घरी जाताना विचारला होता आणि त्याचं उत्तरही मला ठाऊक होतं. पण तेव्हा अक्षरं सहा होती, आता एकच होतं. एका अक्षरासाठी कोण उठतो.

ओ कुठे जात होता हे आतापर्यंत वाचकांच्या लक्षात आलं असेल. नाव बारा घरांचं. विश्वनाथची दहा, मग आर, मग ए, मग तेराव्या घरात ओ. तेरावं घर रक्तगटाचं. नाडकर्णी बी गटाचे होते. मान दिल्याबरोबर ओ झाले.

पुढे एका दुपारी भांडुपच्या प्रसूतिगृहातून ओ गटाची तातडीची मागणी आली. बाळंतीण रक्तस्रावाने अत्यवस्थ होती. पेढीतला साठा संपलेला. कॉम्प्युटरला विचारलं, त्याने जवळच राहणाऱ्या ओ गटाच्या सात जणांची यादी तत्परतेने छापून दिली. चौघांना निरोप गेले, तिघांचा पत्ता लागला नाही. नाडकर्ण्यांना शेजाऱ्याच्या फोनवर बोलावलं.

“मी बी आहे,” ते म्हणाले.

“नाही हो, तुम्ही ओ आहात.”

“अहो, पस्तीस वेळा दिलंय मी. बी म्हणूनच घेतलंत.”

“कॉम्प्युटरमध्ये ओ आहे, काका. तुम्ही रिक्षा करा आणि या.”

आणि ते आले. ही गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी मला तिचा राग येतो. स्वतःच्या अंगातलं रक्त कुठलं हे ज्या माणसाला वीस वर्षं माहीत होतं, त्यालाही वाटलं की कॉम्प्युटर म्हणतोय म्हणजे असेल बदललं. रामचंद्ररावही आले, ते ए निघाले. मधुसूदनराव निघाले बी. चौथे गृहस्थ गावाला गेले होते. सुदैवाने रक्त घेण्याआधी पेढीत गट पुन्हा तपासतात, म्हणून चुकीचं रक्त कुणाला गेलं नाही. पण दोन तास गेले. शेवटी घाटकोपरच्या एका पेढीतून बाटल्या आल्या. बाळंतीण वाचली, मूल वाचलं. बाळंतिणीचा नवरा मराठ्यांच्या टेबलासमोर उभा राहून एवढंच म्हणाला, “यादी कोणी केली, त्याचं नाव सांगा.”

नाव सांगण्यासाठी बैठक झाली. मला बोलावलं होतं. आत जाण्याआधी मी कर्णिकांना फोन केला.

“तुमचा तो अक्षरं वाचणारा तुकडा असणार. जागा बाराची, मुलगी तेरा टाकतेय.”

“मग चूक कोणाची? बाराच्या जागी तेरा टाकणाऱ्याची,” कर्णिक म्हणाले. “ऑपरेटरची चूक आहे, तावडे. असं लिहून द्या, सगळ्यांची सुटका होईल.”

बैठकीत मराठ्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. “एकतर तुमचा प्रोग्राम चुकला, नाहीतर आमची मुलगी. प्रोग्राम चुकला असेल तर ट्रस्टच्या दवाखान्यांचं पुढचं कामही बंद करावं लागेल. तुम्ही तज्ज्ञ. तुम्हीच सांगा.”

आयुष्यात कोणी पहिल्यांदाच मला तज्ज्ञ म्हटलं होतं. मी कागदावर लिहिलं: ‘तपासणीअंती असे आढळते की सदर चूक ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे झाली.’ तपासणी कसली, मी त्या दिवशी की-बोर्डला हातही लावला नव्हता. खाली सही केली. सुलभा दाराशी उभी होती. तिला बोलायला सांगितलं, तर ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “सरांनी सांगितलं होतं, नावाला चिकटव.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “मी राव चिकटवायला सांगितलं. गट बदलायला नाही.”

हे वाक्य तेव्हा मला फार हुशारीचं वाटलं होतं.

तिला त्याच दिवशी काढलं. दाखल्यावर कारणासकट. त्या काळी उपनगरात असं काम करणाऱ्या मुलींची नोकरी दाखल्यावर चालायची, आणि निष्काळजीपणाचा शेरा असलेल्या मुलीला कुणी की-बोर्डपाशी उभं करत नसे.

तपासणी मी सहीनंतर केली. गाळ्यात बसून एकेक नाव टाकून पाहिलं. विश्वनाथराव, ओ. रामचंद्रराव, ओ. पुरुषोत्तमराव चौदा अक्षरांचे, त्यांचा ए रक्तगटात आणि ओ पॉझिटिव्हच्या जागी. ‘ए ओ’ असा रक्तगट जगात नाही, तरी मशीनने तो बिनतक्रार ठेवून घेतला. बायकांना राव नसतो म्हणून चंद्रभागाबाई टाकून पाहिलं. बाईतला बी बरोब्बर गटात जाऊन बसला. रावांचा ओ, बाईंचा बी. हे टाळायला एवढासा तुकडा मध्ये हवा होता: जागा किती, अक्षरं किती, जास्त असतील तर घेऊ नको. दोन ओळी. मी त्या अर्ध्या तासात लिहिल्या. मलाही लिहिता आल्या म्हणजे विचार करा.

फ्लॉपी घेऊन तडक फोर्टात कंपनीच्या ऑफिसात गेलो. कर्णिकांच्या काचेच्या केबिनमध्ये त्यांच्याच मशीनवर त्यांचं नाव टाकलं, मग राव लावत गेलो. कर्णिकरावरावरावराव. सातव्या रावाला मशीन थिजलं.

“अहो, इतके राव कोण लावतं?” कर्णिक म्हणाले.

“आमच्याकडे एक लावला तरी माणसाचं रक्त बदलतं.”

ते हसले नाहीत. उठून दार लावून आले. “नव्या आवृत्तीत हे दुरुस्त केलंय. सहा महिने झाले.”

“मग जुन्या गिऱ्हाइकांना कळवलं का नाही?”

“कळवलं असतं तर सगळे घाबरले असते. आणि ज्याला माहीत नव्हतं त्यालाही कळून त्याने फायदा घ्यायला सुरुवात केली असती.”

“बाळंतीण मेली असती, कर्णिक.”

“पण मेली नाही,” ते म्हणाले. मग कपाटातून एक फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. वरच माझं रजिस्टर्ड पत्र होतं, गणेशवालं. “आणि एक सांगू? ज्या एका गिऱ्हाइकाला हे नक्की माहीत होतं, ते तुम्ही. तुम्हीच आम्हाला कळवलंत. जागा तपासणारी एक ओळ माझ्या हातून राहिली हे मान्य. पण तुमच्या पत्रावर तारीख आहे आणि रक्तपेढीचं काम त्याच्या नंतरचं आहे.”

मी खुर्ची मागे लोटून उठलो. ती पडली. मी ती उचलली नाही, एवढंच माझं शौर्य. जिना उतरताना कळलं की आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्यापेक्षा चांगला सौदा केला.

दोन ओळी घातलेला प्रोग्राम रक्तपेढीत बसवून, बिघडलेले गट कार्डांवरून सुधारून, मी मराठ्यांना म्हणालो की माझा कागद परत द्या, मुलीला परत घ्या. मराठे म्हणाले, “ट्रस्टचा ठराव झालाय. आता तुम्ही एकट्याने म्हणून चालणार नाही. लायब्ररी बनवणाऱ्यांनी लिहून द्यावं की दोष त्यांचा होता. म्हणजे ठराव बदलता येईल.” कंपनीने लिहून दिलं नाही. मी चार पत्रं टाकली. पाचव्याला कंपनीच्या वकिलाने उत्तर दिलं, पान चौदा.

शेवटी मी कांजूरमार्गला गेलो. सुलभाच्या वडिलांनी दार उघडलं, ओळख ऐकली आणि बसा म्हटलं नाही. “माझ्या चेडवाचा नाव तुमी कागदार घातलात,” ते म्हणाले. “आता तुमीच काढा.”

ती आतून आली. एका कापडाच्या दुकानात लागली होती. मी म्हणालो, माझ्या गाळ्यावर ये, उद्यापासून.

“मला तुमची नोकरी नको, सर,” ती म्हणाली. “तुमची सही परत घ्या.”

मग, मी जिन्यापाशी पोचल्यावर, मागून तिने विचारलं, “सर, सापडला का ओ?”

मी तिला सगळं सांगितलं, तिथेच जिन्यात उभं राहून. बारा घरं, तेरावं घर, छेडाशेठ, गणेश, पान चौदा. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, “म्हणजे मी फोन केला तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

मला हो म्हणावं लागलं.

तर आता, कर्णिक. हा अंक तुमच्याकडे दरवर्षी येतो हे मला माहीत आहे, तुमच्या टेबलावर मी तो पाहिला होता. ट्रस्टच्या कागदावरची माझी सही मी इथे, छापील अक्षरांत, मागे घेतो. निष्काळजीपणा माझा होता, सुलभा परब हिचा नव्हता. तिने सांगितलं ते काम केलं, वर जो प्रश्न विचारायला हवा होता तो विचारला, आणि शिक्षा मात्र तिने भोगली. माझ्या वाटणीचं मी लिहून दिलं आहे. मराठ्यांचं म्हणणं अजून तेच आहे, लायब्ररीवाल्यांचं एक पत्र आणा, ठराव बदलतो. एक ओळ राहिली म्हणून हे सगळं झालं, असं तुम्हीच माझ्यासमोर कबूल केलंत. मी तुमच्याकडे तेवढीच मागतो आहे. एक ओळ: दोष आमच्या तुकड्यात होता आणि तो आम्हाला ठाऊक होता.

मी यात घासाघीस करणार नाही. तुम्हीही करू नका. जागा हवी तेवढी घ्या, आणि सही पूर्ण करा, शेवटच्या अक्षरापर्यंत.